मावशीने निवडलेली गाडी

माझी मावशी रफू करायची. शिवणकाम नाही, काजं-बटणं नाहीत, फक्त रफू. कुणी पँट आखूड करायला आणली की ती त्याला कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे पिटाळायची आणि वर सांगायची, "बडबड्या आहे, पण हात चांगला आहे त्याचा."

घराची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. खिडकीला चिकटून टेबल, टेबलावर मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतीवरच्या खुंट्यांना लोकांचे लोकरीचे कपडे. कसर लागलेले, सिगारेटने जळलेले, दाराच्या खिळ्यात अडकून फाटलेले. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून ती धागे ओढून काढायची. भोकावर आधी उभे धागे घालायची, मग त्यांच्यातून खालीवर करत आडवे. काम झालं की गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देऊन म्हणायची, "दाखवा बघू कुठे होतं." गिऱ्हाईक कपडा उलटापालटा करत राहायचं आणि ती हाताची घडी घालून मजा बघायची. एवढीच काय ती तिची फुशारकी.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात काळोखात टांगून घेतलेले असायचे. त्यामुळे असेल किंवा स्वभावामुळे असेल, पण घरी आले की बोलणं जेवढ्यास तेवढं. मावशी म्हणायची, "आमचं लग्न ठरताना मला वाटलं हे मुके आहेत. साखरपुड्यानंतर खोकले, तेव्हा जिवात जीव आला." काका हे ऐकून नेहमी थोडेसे हसायचे, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. त्यांना मूल नव्हतं. माझी आई गेल्यावर मी त्यांच्याकडे आले आणि मग तिथलीच झाले.

मी शाळेत होते तेव्हा एक रेल्वेचा ड्रायव्हर त्याचा जाडजूड कोट घेऊन आला. बाही कोपरापाशी जळली होती. काम होईपर्यंत तो स्टुलावर बसून राहिला आणि गप्पा मारत होता. डोंगरातून जाणाऱ्या जुन्या मार्गावर तो गाडी चालवायचा. मावशीने विचारलं, "बघण्यासारखं असतं म्हणे तिथे?"

"उन्हाळ्यात सगळेच येतात," तो म्हणाला. "उन्हाळ्यात डोंगर हिरवे. हिरवं काय, कुठेही दिसतं. तुम्ही थंडीत या. एक मोठा बोगदा लागतो. बोगद्यातून बाहेर पडलं की सगळं पांढरं. मग उंच पुलावर गाडी अगदी हळू करावी लागते, आणि पुलापलीकडे धबधबा आहे, तो पडता पडता गोठलेला असतो. मी इतकी वर्षं बघतोय, अजून प्रत्येक वेळी बघतो."

तो गेला, पण त्याचं बोलणं मावशीच्या डोक्यात बसलं. हवेत गारवा आला की ती म्हणायची, "एकदा त्या गाडीने जायला पाहिजे." काका म्हणायचे, "चल की." आणि दरवर्षी राहून जायचं. कारण थंडी हाच तिच्या धंद्याचा हंगाम. गारवा सुरू झाला की लोकांना कोटांची आठवण यायची, कोट कपाटातून काढले की भोकं दिसायची, आणि प्रत्येकाला काम उद्याच हवं असायचं. उन्हाळ्यात ती मोकळी असायची, पण उन्हाळ्यात तिला जायचं नव्हतं.

मग तिचे डोळे बिघडायला लागले. सुरुवातीला सुईत दोरा ओवायला मला हाक मारायची. मग दिवा टेबलाच्या आणखी जवळ आला. मग म्हणायला लागली की हल्ली कापडच वाईट येतं, धागा धाग्याला धरत नाही. एकदा ती बाजारात गेली असताना एक बाई कोट परत घेऊन आल्या. फार सभ्य होत्या, तक्रार करायला संकोचत होत्या. कोटावर, छातीच्या जरा खाली, रफूची जागा चुरगळल्यासारखी वर आली होती. लांबूनही दिसत होती. काका त्या दिवशी घरी होते. त्यांनी कोट घेतला, सायकलला अडकवला, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या रफूवाल्याकडून नीट करून आणला आणि स्वतः त्या बाईंच्या घरी नेऊन दिला. मला एवढंच म्हणाले, "तिला बोलू नकोस."

पण डोळ्यांचं किती दिवस लपणार? आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, मग म्हणाले, "डोळ्याच्या मागचा पडदा मधोमध विरत चाललाय."

"कापडासारखा?" मावशीने विचारलं.

"तसंच समजा."

"मग पंचाईत आहे. धागा काढायचा कुठून?"

डॉक्टर हसले नाहीत. डोंगरापलीकडच्या शहरात डोळ्यांचं मोठं हॉस्पिटल होतं, तिथे एकदा दाखवून या म्हणाले. त्यांच्या आवाजावरूनच कळलं की त्यांना फारशी आशा नाही, फक्त आमच्या मनाला रुखरुख नको म्हणून पाठवतायत.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काकांनी दोन्ही मार्ग सांगितले. एक नवा, डोंगराच्या पायथ्याने वळसा घेऊन जाणारा. गाडी वेगाने जाते, सकाळी बसलं की जेवायच्या वेळेला शहरात. दुसरा जुना, डोंगरातून. त्याला सगळा दिवस लागतो.

"पायथ्याच्या गाडीने जाऊ," काका म्हणाले. "तुला दगदग नको."

"दगदग कसली? बसूनच जायचंय ना?"

"बर्फ पडलं तर गाडी अडकून पडते. डब्यातलं हीटर चालेल न चालेल. आणि आपण दवाखान्यात चाललोय, सहलीला नाही."

मावशीने ताटातला घास गोळा करता करता हात थांबवला. "हे बघा, तो डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. हिलाही माहीत आहे. इतकी वर्षं थंडीत मला उसंत नव्हती. आता दुकान बंद आहे, काम नाही, आणि थंडी आहे. येताना तुम्ही म्हणाल त्या गाडीने येऊ. जाताना मला डोंगरातून न्या."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःसाठी लोकरीचे मोजे आणले, त्यावरून आम्हाला त्यांचा होकार कळला.

तिकीट काढायला मी आणि मावशी गेलो. खिडकीतला कारकून तिच्याच वयाचा होता. "डोंगरातून? या दिवसांत?" असं म्हणत त्याने चष्म्यावरून पाहिलं. "बरं, मग डावीकडे बसा. दरी, पूल, सगळं डावीकडेच आहे. उजवीकडे नुसता कडा."

"डावीकडची खिडकी द्या तर मग," मावशी म्हणाली. घरी येईपर्यंत ती माझ्या दंडाला धरून चालत होती आणि नेहमीपेक्षा जास्त बोलत होती.

तिकीट हातात आलं, पण निघायला अजून अवकाश होता, आणि तेवढ्यात तिचे डोळे झपाट्याने गेले. ती कबूल करत नव्हती. पेल्याच्या शेजारी पाणी ओतलं की म्हणायची, "हा दिवाच मंद झालाय." मी समोर उभी राहिले तर माझ्या कानाकडे बघून बोलायची, कारण मधलं दिसत नव्हतं, कडेचं थोडं दिसत होतं. काका हे सगळं बघत होते. एकदा मी त्यांना म्हटलं, "तिकीट बदलून लवकरचं घेऊ या का?" ते म्हणाले, "तारीख बदलली तर तिला कळेल आपण का बदलली ते." मग आम्ही काहीच केलं नाही.

निघालो त्या सकाळी दाट धुकं होतं. स्टेशनवर समोरचा फलाट दिसत नव्हता. डब्यात आमच्या समोरच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ होते, गळ्यात मोठा कॅमेरा. मावशी खिडकीशी बसली, तिच्या शेजारी काका, आणि मी त्या गृहस्थांच्या शेजारी. गाडी सुटली. खिडकीबाहेर दुधासारखं पांढरं, बाकी काही नाही.

"काही दिसत नाहीये ना?" मावशीने विचारलं.

"काही नाही. धुकं आहे," काका म्हणाले.

"वर गेल्यावर निवळेल," गृहस्थ म्हणाले. "मी दरवर्षी येतो. खाली असं असलं की वर हवा हमखास छान असते."

मावशी खूश झाली. तिने त्यांना ड्रायव्हरची आणि त्याच्या कोटाची गोष्ट सांगितली. डबा ऊबदार होता, हीटर चालू होतं. काकांनी पाय पसरले, मोजे दाखवले आणि म्हणाले, "उगीच आणले." मावशी इतकी हसली की मलाही हसू आलं. आमच्या तिघांचं असं मोकळं हसणं बऱ्याच महिन्यांनी झालं होतं.

मग बोगदा आला. डब्यातले दिवे लागले. बोगदा लांबलचक होता. आणि गाडी एकदम उजेडात आली.

गृहस्थ खरं बोलले होते. आभाळ निळंभोर होतं. ऊन लख्ख पडलं होतं. पलीकडच्या बाकांवरची माणसं बोलता बोलता थांबली आणि खिडक्यांकडे सरकली. डब्यात कुणीतरी "वा" म्हणालं, अगदी हळू, स्वतःशीच म्हणावं तसं.

मावशी काचेला नाक लावून बसली होती. तिने मान जरा इकडे केली, जरा तिकडे केली. मग म्हणाली, "अजून धुकंच आहे का हो?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते म्हणाले, "हो. धुकंच आहे."

समोरच्या गृहस्थांनी कॅमेरा डोळ्याला लावला होता तो खाली घेतला. काही बोलणार म्हणून त्यांनी तोंड उघडलं. मी नुसती मान हलवली. त्यांनी मावशीकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "माझा अंदाज चुकला बाई. दिवसच वाईट निघाला."

"तुमचा काय दोष," मावशी म्हणाली.

पूल आला. गाडी हळू झाली. रुळांखालचा आवाज पोकळ झाला, त्यावरून तिने ओळखलं. "हाच तो पूल ना?"

"हाच," काका म्हणाले.

"खाली काही दिसतंय?"

"छे. पांढरं नुसतं."

मग धबधबा गेला. कुणी त्याचं नाव काढलं नाही. गृहस्थांनी कॅमेरा पिशवीत ठेवून दिला आणि सगळ्यांना बिस्किटं दिली. मावशीने एक घेतलं, हातात धरून बसली.

तेवढ्यात तिकीट तपासनीस आला. हसतमुख माणूस होता. तिकिटं बघता बघता म्हणाला, "नशीबवान आहात. दोन आठवडे झाले, अशी स्वच्छ हवा नव्हती. आज सगळी शिखरं मोजून घ्या."

काकांचा हात तिकिटासाठी पुढे झालेला तसाच राहिला. मला वाटलं, संपलं आता.

मावशी त्याच्याकडे वळली आणि हसून म्हणाली, "तुम्ही रोजचे. तुम्हाला धुक्यातसुद्धा दिसत असतील. आम्हाला नाही बाई दिसत." तो गोंधळला. गृहस्थ घाईघाईने उठले आणि त्याचा दंड धरून "जरा दार लागत नाहीये, बघता का" असं काहीतरी म्हणत त्याला पुढे घेऊन गेले. काकांनी मोठा श्वास सोडला. त्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरबाई होत्या, समजावून बोलल्या. पडद्याला काही करता येण्यासारखं नव्हतं. उरलेलंही राहणार नव्हतं. काका कागदांवर सह्या करायला आत थांबले, मी मावशीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मला रडू आवरत नव्हतं, आणि तिला कळू नये म्हणून मी तोंडाने श्वास घेत होते.

"रडायचं तर नीट रड," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काल हवा छान होती ना?"

मी डोळे पुसले.

"पहिल्यांदा मला खरंच वाटलं धुकं आहे. मग माझ्या हातावर ऊन पडलं. बोगद्यापासून पडलं होतं ते पुढचं स्टेशन येईपर्यंत. काचेतून इतकं तापलं की बिस्किटाचं चॉकलेट बोटांना लागलं. धुक्यात असं ऊन असतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ते बिचारे कधी खोटं बोलत नाहीत. त्यांना जमतही नाही. त्यांचा आवाज ऐकलास ना कसा झाला होता? मी म्हटलं असतं की अहो, ऊन आहे, मला दिसत नाही, तर त्या डब्यात सगळ्यांसमोर त्यांनी काय करायचं होतं?" तिने पदराने बोटं पुसली, जणू अजून काही लागलेलं होतं. "त्यांना सांगू नकोस."

परत पायथ्याच्या गाडीने आलो. ती वेगाने येते.

त्यानंतर घरी कोणी भेटायला आलं आणि प्रवासाचं निघालं की काका म्हणायचे, "अहो, धुकंच धुकं. फुकट गेलं सगळं." मावशी म्हणायची, "नशीब आपलं." पाहुणे म्हणायचे, "पुन्हा जा की, उन्हाळ्यात." काका म्हणायचे, "बघू." दोघं हे इतकं सराईतपणे बोलायला लागले की कधीकधी मलाच शंका यायची, की मी पाहिलं ते काय होतं.

मावशीची नजर पुरती गेली. खुंट्या रिकाम्या झाल्या. त्या खोलीत काकांनी तिच्यासाठी आरामखुर्ची ठेवली, कारण रस्त्याचे आवाज तिला तिथूनच ऐकू यायचे. काका निवृत्त झाले आणि कधी नव्हे ते बोलायला लागले. कोण चाललंय, कुणाच्या हातात काय आहे, शिंप्याने पाटीला कुठला रंग दिलाय, सगळं तिला सांगायचे. आयुष्यभराचं साठलेलं बोलणं बाहेर आलं जणू. ती मध्येच म्हणायची, "अहो, जरा थांबा, मला शिंप्याकडे बसल्यासारखं वाटतंय." ते थांबायचे, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचे.

मग त्यांचं हृदय थकलं. शेवटचे काही दिवस ते हॉस्पिटलमध्ये होते. एका दुपारी मावशी खुर्चीत डुलकी घेत होती, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. "त्या गाडीचं," ते म्हणाले, "मी गेल्यावरही तिला सांगू नकोस. तिला वाटेल, सगळ्यांनी बघितलं आणि मी एकटीच राहिले."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

मी हे वचन दिलं तेव्हा मावशी दोन हातांच्या अंतरावर बसली होती. ती खरंच झोपली होती की नाही, मला माहीत नाही.

काका गेल्यावर घर फार शांत झालं. माणसं आली, गेली. एका दुपारी मी तिच्याजवळ बसून तिचे केस विंचरत होते, तेव्हा तिने विचारलं, "आता सांग. त्या दिवशी काय काय दिसत होतं?"

मी कंगवा थांबवला. आठवायचा प्रयत्न केला. निळं आभाळ आठवलं. ऊन आठवलं. धबधबा गेला हे आठवलं, पण तो कसा होता ते आठवेना. पूल आठवला तो आवाजाने. मी उलट्या बाजूला, काकांच्या समोर बसले होते, खिडकी माझ्याही अगदी जवळ होती, आणि मी सबंध वेळ त्या दोघांच्या तोंडाकडे बघत होते.

"मावशी, मी नीट पाहिलंच नाही."

"आणि यांनी?"

"काकांनी खिडकीकडून तोंड फिरवलं होतं. धुकं आहे म्हणाले ना, त्यानंतर एकदाही तिकडे वळले नाहीत."

तिचे हात मांडीवर होते, तिथेच राहिले. बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं, पुन्हा चालू झालं.

"सगळे वेडे," ती शेवटी म्हणाली. "त्यांना तरी बघायचं होतं की नाही? एवढे मोजे-बिजे आणून." तिचा आवाज वरवर नेहमीसारखाच होता. मग म्हणाली, "जा, आत जाऊन बघ, दूध उतू जाईल."

गॅसवर दूध ठेवलेलंच नव्हतं. मी कंगवा तिच्या हातात दिला, आत गेले, आणि ती हाक मारेपर्यंत बाहेर आले नाही.